लिंकनचा थकलेला नवस

लिंकनला का जावं याची कारणं प्रवासी पुस्तकांत भरपूर दिलेली असतात. नऊशे वर्षांचं कॅथेड्रल, शेजारी किल्ला, छातीवर येणारी चढण, आणि बेकरीतला प्लमब्रेड. आम्ही गेलो ते यांतल्या एकाही कारणासाठी नाही. माझ्या थोरल्या बहिणीला आंबा खाता यावा म्हणून गेलो.

कुसुमताई अडुसष्ट वर्षांची, निवृत्त जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. लेस्टरमध्ये माझ्यापासून तीन गल्ल्या सोडून राहते. आमचं मूळ गाव देवगडजवळचं, आणि ताई आंबा खात नाही. दरवर्षी मे महिन्यात बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून पेटी येते, ताई सगळ्यांना फोडी करून देते आणि स्वतः केळं खाते. ॲलर्जी आहे, असं आम्ही समजत होतो. भाऊजी सर्जन होते, तेही जाईपर्यंत असंच समजत होते.

या मे महिन्यात ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि चहा पुढ्यात असतानाच म्हणाली, "बाळ, मला लिंकनला ने."

(बाळ म्हणजे मी. छप्पन्न पूर्ण.)

मग तिने सांगितलं. समीर, तिचा मुलगा, लिंकनला जन्मला, तेव्हा ती तिथल्या इस्पितळात ज्युनिअर डॉक्टर होती. पोराचा एक पाय जन्मतः आत वळलेला. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं आणि प्लास्टर सुकेपर्यंत पोराने रडायचं. एके दिवशी ड्यूटी संपल्यावर ती टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बसली. आजूबाजूला देऊळ नव्हतंच. तिथे एका जुन्या संताची जागा होती. "जो समोर होता त्याला बोलले," ताई म्हणाली. पाय सरळ झाला तर चांदीचं पाऊल वाहीन, आणि वाहीपर्यंत आंबा खाणार नाही.

"आंबाच का सोडलास?"

"तेव्हा लिंकनमध्ये आंबा मिळत कुठे होता?"

म्हणजे नवस स्वस्तात पडला होता. पुढे लेस्टरला बदली झाली, बेलग्रेव्ह रोडवर पेट्या यायला लागल्या, आणि तो फार महागात पडला. समीरचा पाय वर्षा-दोन वर्षांत सरळ झाला. आता तो ब्रॅकनेलच्या एका कंपनीत आहे आणि रविवारी सकाळी विनाकारण धावतो. चांदीचं पाऊलही पहिल्याच पुण्याच्या फेरीत करून आणलं होतं. ते चाळीस वर्षं स्वेटरांखाली पडून होतं. भाऊजींना कळलं असतं तर त्यांनी आयुष्यभर चेष्टा केली असती. ते गेल्यावर मग ताईलाच लाज वाटायला लागली.

"आता भूल देतील," ती म्हणाली. "उतरली नाही, तर हा नवस समीरच्या डोक्यावर बसेल. आणि त्याला नवस म्हणजे काय तेही ठाऊक नाही."

माझी बायको सुनीता व्यवहारी. तिने सुचवलं, बेलग्रेव्ह रोडच्या देवळात वाहून टाका. इथे मला बोलणं भाग होतं. मी पुण्यात मीमांसा घेऊन संस्कृतचा एम.ए. झालो. त्या विद्येला लेस्टर कौन्सिलच्या लायब्ररीत रोज मागणी असते असं नाही, म्हणून संधी आली की मी सोडत नाही. मी सांगितलं की द्रव्याला प्रतिनिधी चालतो, सोम मिळाला नाही तर पूतिका घ्यावी; परंतु देवतेला प्रतिनिधी नाही. इंद्राला कबूल केलेलं वरुणाला देता येत नाही.

"म्हणजे लिंकनला जा, एवढंच ना?" सुनीता म्हणाली.

निघताना गाडीत तिसरी सवारी आली. समीरची रिया, वय सतरा, हाफ-टर्मच्या सुट्टीत आजीकडे आलेली. तिच्या ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, मध्ययुगीन युरोपचा पेपर होता. हातात पत्त्यांसारखी कार्डं, प्रत्येकावर एक पारिभाषिक शब्द, मागे अर्थ. नवसाचं तिला माहीत होतं. बाबाला सांगायचं नाही, हेही माहीत होतं.

लेस्टरहून ए-फॉर्टीसिक्सने सरळ उत्तरेला जायचं. हा रस्ता मुळात रोमन लोकांचा, त्यामुळे वळणं कमी आणि ट्रॅक्टर जास्त. वाटेत खाण्यासारखं फारसं नाही. ताईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. तुम्हीही घ्या. रियाने कार्डं वाचायची आणि मी मराठीतून समजवायचं, असं ठरलं. टाइथला मी दशांश म्हटलं. एक्सकम्युनिकेशन म्हणजे वाळीत टाकणं. इंटरडिक्ट म्हणजे अख्खा गावच वाळीत. पर्गेटरी म्हणजे स्वर्गाचं तिकीट आहे, पण अजून कन्फर्म झालेलं नाही. इंडल्जन्स म्हणजे प्रायश्चित्तात सूट, आणि सूट म्हटल्यावर दक्षिणा आलीच.

"मामाआजोबा, हे सगळं एक्झाममध्ये लिहिलं तर मार्क मिळतील?"

"तपासणारा देवगडचा असला तर."

एकच कार्ड तिच्या डोक्यात राहत नव्हतं. व्होटिव्ह ऑफरिंग. तीनदा आलं, तीनदा ती अडली. 'नवसाची भेट' असं मी सांगायला तोंड उघडलं, तर ताई मागून म्हणाली, "तिला तिचं तिचं करू दे."

पुढचं कार्ड होतं व्हिलन, म्हणजे सिनेमातला नव्हे, जमीनदाराला बांधलेलं कूळ. रियाने मागची बाजू वाचली. याला मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, लग्न करता येत नाही, आणि ही बांधिलकी मुलांकडे जाते.

"मुलांकडेही?" मागून ताई.

"हो आजी. ऑटोमॅटिकली."

आरशात ताईने पर्स मांडीवर ओढलेली दिसली. मग, "बाळ, जरा जोरात चालव."

तरी मी न्यूअर्कच्या पुढे डावीकडे वळलोच. तिथे लॅक्स्टन नावाचं गाव आहे आणि मध्ययुग बघायचं तर ते चुकवू नये. तीन प्रचंड शेतं, त्यांत प्रत्येकाचे पट्टे विखुरलेले, मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. इंग्लंडात इतरत्र ही पद्धत कधीच मोडली. इथे अजून चालू आहे. दरवर्षी गावातले पंच शेतावर फिरून हद्दी तपासतात आणि मग गावचं कोर्ट भरतं. पबमध्ये एक लालबुंद शेतकरी भेटला. त्याने अभिमानाने सांगितलं की मागे तो पंच असताना त्याने स्वतःच्या मेहुण्याला दंड ठोठावला होता.

"कशाबद्दल?"

"नांगर थोडा थोडा गवताच्या पट्ट्यात घालत होता. दरवर्षी एक वीत."

मला भरून आलं. बांध कोरणे! कोर्ट मध्ययुगीन असो की तहसीलदाराचं, मेहुणा तोच. मी त्याला आमच्याकडच्या बांधांचा इतिहास सांगायला बसणार होतो, पण ताई गाडीत जाऊन बसली होती आणि तिने हॉर्न वाजवला. चाळीस वर्षं थांबलेल्या बाईला वीस मिनिटं थांबवत नव्हतं.

लिंकनबद्दल एक व्यावहारिक सूचना. गाडी वर, किल्ल्याजवळच्या पार्किंगमध्ये लावा. पैसे जास्त पडतात, पण गुडघे वाचतात. आम्ही खाली लावली, कारण ताई म्हणाली, "पायाचा नवस आहे. पायीच चढायचं."

"ताई, तुझा गुडघा..."

"तो पुढच्या महिन्यात बदलणारच आहे. आता वाचवून काय करू?"

या वैद्यकीय युक्तिवादावर मी गाडीला कुलूप लावलं. त्या गल्लीचं नावच 'उभी टेकडी' अशा अर्थाचं आहे, आणि नाव ठेवणाऱ्याने अतिशयोक्ती केलेली नाही. फरशी गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पुस्तकांची आणि टोप्यांची दुकानं, मध्ये धरायला लोखंडी कठडा. वरून उतरणारा प्रत्येक माणूस ताईकडे बघून "नियरली देअर, लव्ह!" म्हणत होता. पहिला म्हणाला तेव्हा आम्ही अगदी तळाशी होतो. अर्ध्या वाटेवरच्या बाकावर ताई बसली, पर्समधून पाऊल काढून बघितलं. अंगठ्याएवढं, चांदीच्या पत्र्याचं. इंग्लंडातल्या बाळाचं म्हणून सोनाराने जरा गुबगुबीत केलेलं.

"आजी, हा पाऊल किती क्यूट आहे!"

"हे पाऊल," मी म्हणालो.

"हे पाऊल किती क्यूट आहे. आणि बाबाचा पाय आता साइझ इलेव्हन आहे."

कॅथेड्रलच्या दाराशी तिकीट असतं. (संध्याकाळच्या प्रार्थनेला, म्हणजे इव्हनसाँगला, आलात तर प्रवेश फुकट. मला हे आत गेल्यावर कळलं.) आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. दगडाचे खांब इतके उंच की टोकाला गेल्यावर त्यांच्या फांद्या झाल्यासारख्या दिसतात. तिकीट देणाऱ्या आजोबांनी लगेच विचारलं, "इंप पाहिलात का?" इंप हे दगडात कोरलेलं छोटं भूत एका खांबावर उंच बसलेलं असतं, आणि इथल्या स्वयंसेवकांचा सगळा जीव त्याच्यात असतो. ताई म्हणाली, नंतर.

संताची जागा अगदी मागे, पूर्वेच्या टोकाला. एके काळी तिथे सोन्याचांदीने मढवलेली पेटी होती आणि लांबलांबून माणसं आजारी पोरं घेऊन यायची. मग एका राजाला धर्म सुधारायची घाई झाली, आणि त्याच्या माणसांनी सोनंचांदी गाड्यांत घालून नेलं. आता दगडी चौथरा आहे. ताईने त्यावर पाऊल ठेवलं, हात जोडले, डोळे मिटून काही बोलली, आणि जमेल तशी लंगडत एक प्रदक्षिणा घातली. मग वळून म्हणाली, "चला. झालं." तिचा चेहरा परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलीसारखा होता.

आम्ही मधल्या दालनापर्यंत पोचलो असू. मागून धावत्या बुटांचा आवाज आला. खांद्यावरून पट्टा घेतलेले एक स्वयंसेवक, धापा टाकत.

"मॅडम! हे तुमचं पडलं."

चाळीस वर्षं इंग्लंडात काढलेल्या माणसाला असा क्षण घातक असतो. ताईच्या तोंडून "ओह, थँक यू सो मच" गेलं, आणि नवस पुन्हा तिच्या तळहातावर.

"इंप पाहिलात का?" ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी ताईने काळजी घेतली. चौथऱ्याच्या कडेला एका खाचेत, मेणबत्तीच्या आडोशाला पाऊल लपवलं. मग आम्ही कॅफेत गेलो. स्कोन बरे होते, चहा पाणचट. पहिला घोट घेतोय तोच एक चांदीच्या केसांच्या बाई टेबलापाशी आल्या. त्यांनी आम्हाला तिथे पाहिलं होतं. ब्रेसलेटमधून निसटलं असावं, असं त्यांना वाटलं. "असल्या वस्तू हरवल्या की जीव तुटतो ना," त्या म्हणाल्या आणि पाऊल रुमालात गुंडाळून ताईच्या हातात ठेवलं.

ताईने थँक यू म्हटलं. मग चहा बाजूला सारला.

इतका वेळ मी हसत होतो. मग तिच्याकडे बघितलं आणि थांबलो. आमची ताई रडत नाही. दवाखान्यात तिने लोकांना काय काय बातम्या सांगितल्या आहेत, पण आवाज हलला नाही कधी. आता ती रुमालाकडे बघत होती.

"त्याला नकोय रे, बाळ. उशीर झाला म्हणून घेत नाहीये."

"ताई, तसं नसतं. मीमांसेत कालातिक्रमाला प्रायश्चित्त..."

"तू गप्प बस."

रिया उठली आणि निघून गेली. मला वाटलं पोरगी वैतागली. थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा सोबत काळ्या झग्यातल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पायात धावायचे बूट. या तिथल्या कॅनन, म्हणजे कॅथेड्रलच्या कारभारी पुरोहितांपैकी एक. मी उठून उभा राहिलो आणि इंग्रजीत सुरुवात केली की भारतीय परंपरेत संकल्प आणि देवता यांचा जो संबंध आहे तो...

"इट्स अ व्होटिव्ह ऑफरिंग," रिया मध्येच म्हणाली. एकही अडखळ नाही. "माझ्या बाबाच्या पायासाठी. पाय बरा झाला. आजीने तुमच्या संताला प्रॉमिस केलं होतं. तिला फक्त थोडा उशीर झालाय. आणि तुमचे लोक सारखं परत आणून देतात."

कॅननबाईंनी रुमाल उघडला. पाऊल बघितलं. मग ताईकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आमच्याकडे असं काही आलं त्याला साडेचारशे वर्षं झाली असतील," त्या म्हणाल्या. "त्यामुळे आमची सवय गेलीय. माफ करा."

पण अडचण होती. कॅथेड्रलमध्ये कायमची वस्तू ठेवायची तर ती कमिटीपुढे जाते. "मी त्या कमिटीवर आहे," बाई म्हणाल्या. "निर्णय होईपर्यंत तुमची नात आजी झालेली असेल." मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, आज इव्हनसाँगला थांबाल का? प्रार्थना चालू असेपर्यंत पाऊल संताच्या चौथऱ्यावर राहील. त्या स्वतः ठेवतील. कोणी उचलणार नाही.

"आणि नंतर?" ताईने विचारलं. तिचा डॉक्टरी आवाज परत आला होता.

"नंतर मला ते तुम्हाला परत द्यावं लागेल."

ताईचा चेहरा पडायला लागला. मग तो मध्येच थांबला. "तुम्ही द्याल? स्वतः? तिथून उचलून, हातात?"

"हो."

ताई माझ्याकडे वळली. "बाळ, देवापुढे ठेवलेलं देवाकडून परत मिळालं, तर त्याला काय म्हणतात?"

आयुष्यात प्रथमच मी एका शब्दात उत्तर दिलं. "प्रसाद."

"मग झालं," ताई म्हणाली आणि स्कोन संपवला. "द्यायचं माझं काम. ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, तो त्याचा प्रश्न."

इव्हनसाँग चुकवू नका. गाणाऱ्यांच्या शेजारच्या कोरीव लाकडी बाकांवर पाहुण्यांनाही बसू देतात. दोन बाजूंना दोन रांगा, एक ओळ हे म्हणतात, पुढची ओळ ते. डोळे मिटले की मंत्रपुष्पांजलीला बसल्यासारखं वाटतं, फक्त खोकणारे कमी. मजकूर मला निम्मा कळला. ताईला कळला नसावा, ती सगळा वेळ पूर्वेकडे बघत होती. प्रार्थना संपल्यावर कॅननबाई आम्हाला मागे घेऊन गेल्या, चौथऱ्यावरून पाऊल उचललं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. ताईने उजव्या हाताखाली डावा हात धरून ते घेतलं, डोळ्यांना लावलं. बाई जरा गोंधळल्या आणि मग त्यांनीही मान झुकवली.

दाराशी मघाचे धापा टाकणारे स्वयंसेवक आजोबा होते. ताईच्या हातात पाऊल बघून त्यांना हायसं वाटलं. "बरं झालं! आहे ना तुमच्याकडे? इंप पाहिलात का?"

"दाखवा," ताई म्हणाली.

त्यांनी खुशीत तिला आत नेलं आणि वर बोट दाखवलं. ताईने चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं.

"एवढासा?" ती मला मराठीत म्हणाली. मग त्यांना म्हणाली, "लव्हली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या स्वयंपाकघरात पेटी उघडली. मी, सुनीता, रिया, आणि स्पीकरफोनवर ब्रॅकनेलहून समीर, ज्याला रियाने शेवटी सगळं सांगून टाकलं होतं. त्याचा विश्वास बसत नव्हता. "आई, म्हणजे माझ्या पायासाठी तू फॉर्टी इयर्स... आणि मी दर समरला तुझ्यासमोर आंबे खात होतो?"

"आणि बाठाही चोखायचास," ताई म्हणाली.

तिने फोड उचलली. तिने खाल्ली, सावकाश.

"कसा आहे?" फोनमधून समीर.

"बरा आहे." मग थोड्या वेळाने, "देवगडचा नाही." आणि आमच्यापैकी कोणाला काही न देता तिने अख्खा आंबा संपवला आणि दुसरा घेतला.

प्रसाद घरात ठेवायचा नसतो, वाटायचा असतो. म्हणून चांदीचं पाऊल रियाच्या पारदर्शक पेन्सिल-पाऊचमध्ये गेलं आणि तिच्याबरोबर पेपरला बसून आलं. सुपरवायझरने उलटंसुलटं करून बघितलं म्हणे. हे काय, असं विचारल्यावर रियाने त्याला पारिभाषिक शब्दासकट सांगितलं.

ताईचं ऑपरेशन नीट झालं. भूलही उतरली. संध्याकाळी आम्ही वॉर्डमध्ये गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या बाईच्या औषधांचा चार्ट वाचत होती.

"बाळ," ती म्हणाली, "डरहॅम लेस्टरहून किती लांब आहे रे?"

"तीन तास तरी. का?"

"तिथेही एक संत आहे. रिया सांगत होती. बऱ्यापैकी जागृत आहे म्हणे." तिने पट्ट्यात गुंडाळलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. "आत नेताना बोलले."

मी खुर्चीवर बसलो. "ताई. चांदीचा गुडघा कसा करतात?"

"ते सोनार बघेल."

"आणि या वेळी काय सोडलंस?"

"दुधी भोपळा."

"तुला दुधी मुळीच आवडत नाही!"

"मग?" ताई म्हणाली. "चाळीस वर्षांत काही तरी शिकले असेन ना मी."